दिवाळीनंतरचं धरण: होडीतून शिंगाडा, शिवडा आणि मरळ कसा धरायचा

त्रिपुरी पौर्णिमा झाली की खान्देशातल्या धरणांवर दोन गोष्टी मागेपुढे सुरू होतात. हरभरा-गव्हासाठी पाट सुटतो आणि पाणी उतरायला लागतं. रात्री गारठा पडतो आणि तेच पाणी वरून थंड व्हायला लागतं. पावसाळ्यात बुडालेल्या शेतांत, बाभळींत, नाल्यांच्या तोंडाशी पसरलेला मासा या दोन कारणांनी मागे सरतो आणि जुन्या नदीपात्राच्या काठावर येऊन थांबतो. दिवाळीनंतर हात हलवत परत येणारे बहुतेक जण आश्विनातल्या जागेवरच गळ टाकून बसलेले असतात. पाणी तिथे असतं, मासा गेलेला असतो.

म्हणून खाली जे सांगितलं आहे ते जवळजवळ सगळं त्या एका काठाबद्दल आहे. तो शोधायचा कसा, त्यावर होडी उभी करायची कशी आणि खाली सोडायचं काय. हंगाम धरायचा तो कार्तिकी पौर्णिमेपासून दत्तजयंतीपर्यंत, म्हणजे सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरते तोवर. त्यानंतर संक्रांतीपर्यंत मासा इतका मंदावतो की शिकाऊ माणसाने होडी धुऊन उलटी घालून ठेवलेली बरी.

कोणता मासा, कोणतं पाणी

मोबाइलवर बास माशाचे व्हिडिओ पाहून नकली आमिषांचा डबा भरून आणणारे आता आपल्याकडेही दिसतात. बास हा अमेरिकेतला मासा, आपल्या धरणात तो नाही. तिकडे याच दिवसांत पाणी दहा-बारा अंशांपर्यंत उतरतं. आपल्याकडे कार्तिकात वरचं पाणी साधारण २४-२६ अंश आणि मार्गशीर्षाच्या शेवटी २०-२२. आकडा मोठा दिसतो, पण आपला मासा उन्हाळी पाण्याचा आहे, त्याला विसाव्या अंशालाच हुडहुडी भरते. तिकडचा एक धडा मात्र जसाच्या तसा लागू पडतो: गार होत जाणाऱ्या पाण्यात शिकारी मासा खोलाच्या कडेला थांबतो आणि आमिष हळू चाललं तरच उठतो.

आपले शिकारी मासे तीन. शिंगाडा हा लांबट, चंदेरी, मोठ्या मिशांचा. तळाला, मुरमाड किंवा रेताड जागी राहतो. या हंगामात सगळ्यांत भरवशाचा तोच. शिवडा, ज्याला कुठे पहाडी तर कुठे बालव म्हणतात, तो रुंद तोंडाचा, चपट्या अंगाचा, संधिप्रकाशात हिंडणारा. आणि मरळ, जो वरची हवा घेतल्याशिवाय जगू शकत नाही, म्हणून खोलात जात नाही. त्याचं गणित वेगळं, ते शेवटी सांगितलं आहे. कटला-रोहूसाठी हे दिवस गळाला फारसे चांगले नाहीत. ते जाळ्याचे मासे समजा.

पाण्याची निवड करताना गाळ बघा. हतनूर हे १९८२ पासूनचं, ४१ दरवाजांचं धरण. चांगदेवला तापी-पूर्णा एकत्र येतात आणि दोघींचा गाळ याच फुगवट्यात बसतो. पाणी गढूळ, काठ उथळ, जुन्या पात्राबाहेर सपाट चिखल. इथे पात्र सापडलं तर मासा सापडला, नाही तर दिवस फुकट. गिरणा धरण १९६९ चं, जमीन नाशिक जिल्ह्यातल्या नांदगावची आणि पाणी बरंचसं जळगावच्या शेताचं. तिथे खडक जास्त, पाणी निवळ, दोरा बारीक लागतो. जळगावजवळचं वाघूर नवख्याला सोपं, कारण पाण्याचा विस्तार आवाक्यातला आहे. तापीवर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथले बॅरेज, म्हणजे दरवाजांचे बंधारे, पावसाळ्यानंतर दरवाजे टाकले की लांबच लांब डोह होतात. तिथे दोन्ही काठ जवळ असतात, वारा कमी लागतो. नवापूरकडचा, गुजरातेतल्या उकाई धरणाचा फुगवटा प्रचंड आहे, पण पाण्यावर राज्याची हद्द आखलेली नसते. परवानगी कुठल्या बाजूची आहे ते नीट समजून मगच होडी ढकला. शिरपूर तालुक्यातलं अनेर मात्र अभयारण्य आहे. तिथे गळ टाकायचा नाही, विषय संपला.

परवानगीचं बोलायचं तर धरणातला मासा कुणाचाच नसतो असं नाही. मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी स्थानिक मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेला भेटा, पैसे असतील ते भरा, पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा. भिंत, दरवाजे, सांडवा आणि पाटाचं तोंड यांच्या जवळपास फिरकू नका. पाट सुटलेला असताना त्या तोंडाची ओढ वरून दिसत नाही.

घरी बसून करायचं काम

जुनं पात्र शोधायची सुरुवात होडीत नाही, घरी होते. गूगल अर्थ संगणकावर उघडा, जुन्या प्रतिमा बघायची सोय चालू करा आणि दुष्काळी वर्षातला मे महिना काढा. २०१६ आणि २०१९ चे उन्हाळे यासाठी उत्तम. धरण आटलेलं असतं तेव्हा सगळा तळ उघडा पडतो: नदीचं वळण, मिळणारे नाले, जुना गाडरस्ता, बांध, विहिरीचे गोल, पडक्या घरांचे चौथरे. आपल्या कामाच्या जागा तीन. नदीच्या वळणाची बाहेरची बाजू, कारण तिथे काठ उभा तुटलेला असतो. नाला पात्राला मिळतो तो कोपरा. आणि पात्राच्या काठापासून वीस-तीस पावलांत असलेली कुठलीही उंच वस्तू: बांध, चौथरा, बाभळीची खुंटं.

अशा आठ-दहा जागांवर खुणा करून त्या मोबाइलच्या नकाशात उतरवा. पाण्यावर रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. आणि त्याच प्रतिमेवर उथळ बांध, विहिरीचे कठडे यांच्याही खुणा करा. पाणी उतरताना हेच होडीच्या बुडाला लागतात.

होडी

थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्यूबवर बसून गळ टाकायचा नाही. भोई बांधव त्यावर लीलया फिरतात ते जन्मभराच्या सवयीने. तीन किलोचा शिवडा जोर लावू लागला की नवखा पाण्यात जातो. चौदा-सोळा फुटी फायबरची किंवा पत्र्याची होडी, दोन माणसं, त्याहून जास्त नाही. लाइफ जॅकेट अंगात, बुडाखाली नव्हे. दोन वल्ही, पाणी उपसायला डबा, शिट्टी, विजेरी, आणि काठावरच्या एका माणसाला परतायची वेळ सांगून ठेवलेली.

पत्र्याच्या होडीत तळाला दुहेरी गोणपाट अंथरा. शिसं पडल्याचा, चप्पल घासल्याचा आवाज पाण्यातून दूरवर जातो आणि निवळ पाण्यात मासा जागा सोडतो.

विजेची छोटी मोटार लावणार असाल तर हिशोब करून निघा. बारा व्होल्टची १०० अँपिअर-तासांची साधी बॅटरी अर्ध्याहून खाली उतरवायची नसते, म्हणजे हाताशी ५० च. मंद वेगात मोटार साधारण १० अँपिअर खाते, तर पाच तास. पूर्ण वेगात हाच साठा तासाभरात संपतो. जाताना वारा पाठीशी आणि येताना तोंडावर, असं झालं की लोक अडकतात ते इथेच. म्हणून जाताना वाऱ्याविरुद्ध जा. या दिवसांत सकाळी पाणी काचेसारखं असलं तरी साडेदहा-अकराला वारा उठतो, आणि हतनूर-गिरणासारख्या मोकळ्या पाण्यावर तासाभरात लाटा होडीच्या काठाला लागतात.

संस्थेची जाळी संध्याकाळी लागतात, सकाळी निघतात. रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे रांगेत तरंगताना दिसले की ती ओलांडू नका, वळसा घाला. पंख्यात जाळं गुंतलं तर नुकसान दोघांचं, आणि दुसऱ्या दिवशी घाटावर कुणी बोलणार नाही ते वेगळं.

तळ चाचपणे

फिश फाइंडर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी तळ आणि मासा पडद्यावर दाखवणारं यंत्र, असेल तर छान. नसेल तर पाव किलो शिसं आणि तीस मीटर सुतळी पुरते. विहिरीची खोली जशी परसात मोजतात तशी इथेही मोजा: साडेपाच फुटाला एक परस धरून सुतळीला गाठी मारा, प्रत्येक पाचव्या गाठीला लाल चिंधी. शिशाचं बूड थोडं खोलगट करून त्यात कपडे धुण्याचा साबण दाबून भरा. हे शिसं तळाला टेकवून, दोनदा उचलून आपटून वर घ्या. साबणाला जे चिकटून येईल ते तुमचं उत्तर.

रेती किंवा मुरमाचे खडे आले तर तिथे शिंगाडा बसू शकतो. पिवळट चिकण माती आली तरी चालेल. साबण कोरा आला आणि त्यावर ओरखडा असेल तर खाली खडक आहे. काळा, लोण्यासारखा गाळ आला आणि सडक्या अंड्यासारखा वास मारला तर तळाच्या पाण्यात हवा नाही असं समजा आणि तिथून उठा. कितीही खोल, कितीही देखणी जागा असो. धरणात पावसाळ्यात वाहून आलेला पालापाचोळा तळाला कुजतो आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो. थंडीत वरचं गार पाणी जड होऊन खाली उतरतं, तसतशी हवा तळापर्यंत पोचते, पण खोल खड्ड्यांत हे उशिरा होतं. म्हणूनच नोव्हेंबरात मासा पात्राच्या तळाला नसतो, काठावर असतो. डिसेंबराच्या मध्यानंतर तो एक-दोन परस आणखी खाली गेलेला सापडेल.

पात्राचा काठ धरायला होडी आडवी न्या. नदीच्या वळणाच्या रेषेला काटकोनात वल्हवत जा आणि दर दहा हातांवर शिसं सोडा. तीन परस, तीन परस, साडेतीन, आणि एकदम सात: हा काठ. तिथे दगड बांधलेली रिकामी बाटली टाका. मग पंधरा-वीस हात बाजूला सरकून पुन्हा तसंच, दुसरी बाटली. चार बाटल्या झाल्या की पाण्याखालची वाकडी कडा डोळ्यांना दिसायला लागते. यात तास जातो आणि अधीर माणसाला तो खटकतो, पण दिवसातला सगळ्यांत कमाईचा तास हाच. जाताना बाटल्या गोळा करून न्या.

फिश फाइंडरवाल्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं की नेहमीचा वीस अंशांचा झोत दहा मीटर खोलीवर फक्त साडेतीन मीटर रुंदीचा तळ दाखवतो. कडेवरून जाताना त्या गोलातला सगळ्यांत उंच भाग पडद्यावर येतो, आणि कडेला चिकटून खाली बसलेला मासा त्यात लपतो. तळाची रेघ बारीक आणि तिच्याखाली दुसरी पुसट रेघ दिसली तर तळ टणक. रेघ जाड, धुरकट असेल तर गाळ.

पाण्यावरच्या खुणाही वाचा. पाणकावळे एकाच पट्ट्यात बुड्या मारत असतील किंवा सुरय एका जागी घिरट्या घालून सूर मारत असेल तर खाली बारक्या मासळीचा थवा आहे. तो थवा पात्राच्या काठाजवळ असेल तर दुसरी जागा शोधू नका. बदकांचे थवे बसलेले असतात त्या उथळात मात्र होडी घालू नका. हतनूरला हे पाहुणे लांबून येतात आणि आपल्याला तिथे मिळणार काहीच नसतं.

नांगर

जागा बरोबर, आमिष बरोबर आणि मासा नाही, असं होतं तेव्हा दहातल्या आठ वेळा दोष नांगराचा असतो. एकाच नांगरावर होडी झुलते. झुलली की शिसं तळावर घसटतं, दोऱ्याला पोट पडतं, टोचणी कळत नाही.

दोन नांगर घ्या, चार नखांचे, चौदा फुटी होडीला प्रत्येकी चार-पाच किलोचे. दोर खोलीच्या तिप्पट. कमी दोरावर नांगर उभा ओढला जातो आणि नखं जमिनीत शिरत नाहीत. पहिला नांगर वाऱ्याच्या दिशेला, कडेपासून लांब, उथळ बाजूवर टाका. दोर सोडत वाऱ्याने मागे या. कडेच्या अलीकडे आठ-दहा हातांवर थांबा, मग मागचा नांगर हळूच उतरवा, फेकू नका. होडी उथळावर उभी, गळ कडेवरून खोलात. कडेच्या बरोबर वर होडी लावली तर दोर आणि नांगर माशांच्या अंगणातच पडतात.

बाभळीच्या खुंटांत नांगर हमखास अडकतो. उपाय सोपा आहे, आधीच करायचा. दोर नांगराच्या कडीला बांधू नका. तो खाली, जिथे नखं फुटतात त्या बुडाला पक्का बांधा, दांड्याला समांतर वर आणा आणि कडीशी बारीक सुतळीच्या दोन वेढ्यांनी अटकवा. एरवी नांगर नेहमीसारखा धरतो. अडकला की होडी सरळ त्याच्या वर आणून जोरात हिसका द्या: सुतळी तुटते, ओढ बुडाला लागते आणि नांगर उलटा होऊन नखांच्या बाजूने सुटून येतो. सुतळी नायलॉनची नको, ती तुटत नाही. तागाची घ्या आणि दर खेपेला नवी बांधा, कारण भिजून वाळलेली सुतळी नको तेव्हा तुटते.

हिसका देताना उभे राहू नका. दोर होडीच्या कडेला नव्हे, टोकाला टेकवून ओढा.

काठी, दोरा, गळ

सात फुटी मध्यम-जड काठी, ३००० ते ४००० आकाराचं रीळ, ३० पौंडी ब्रेडेड (विणलेला) दोरा. पुढे हातभर किंवा थोडा जास्त तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोरा, ०.५० ते ०.६० मिलिमीटर जाड. शिवड्याच्या तोंडात दातांच्या ओळी कानशीसारख्या असतात. तो दोरा एकदम तोडत नाही, घासून घासून झिजवतो. प्रत्येक माशानंतर तंगूस दोन बोटांत धरून ओढून बघा, खरखर लागली की तेवढा कापून पुन्हा बांधा. हा कंटाळा करणाऱ्याचाच मोठा मासा सुटतो.

बैठ्या गळासाठी, म्हणजे आमिष तळाला ठेवून वाट बघायची असेल तेव्हा, सरकतं शिसं लावा. मुख्य दोरा ३० ते ४० ग्रॅमच्या भोकाच्या शिशातून ओवा, मग एक मणी, मग स्विव्हल (फिरती कडी), पुढे तंगूस, टोकाला ३/० ते ५/० चा गळ. मासा आमिष उचलून चालू लागला की दोरा शिशातून सरकतो, त्याला वजन कळत नाही. तळ मऊ असेल तर आमिष गाळात रुततं. त्यासाठी गळापासून चार बोटं अलीकडे वाटाण्याएवढा थर्माकोल ओवा म्हणजे आमिष वीतभर वर तरंगतं. हतनूरला हा दाणा नसेल तर गळ न टाकलेला बरा.

गोल वळलेला सर्कल गळ वापरलात तर झटका मारायची सवय सोडावी लागेल. दोरा ताठ झाला की नुसतं रीळ फिरवा. गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. झटका दिला की तो तोंडातून निसटून येतो.

आमिष म्हणून शिंगाड्याला सोललेला झिंगा किंवा गांडुळांचा झुबका. शिवड्याला बोटभर मेलेली मासोळी, शेपटीकडून गळ घालून डोक्याकडे टोक काढलेली, किंवा कोंबडीची आतडी. आतडी आदल्या दिवशी मिठात घालून ठेवली की चिवट होतात, पहिल्या टोचणीला गळून पडत नाहीत. थंडीत आमिष लहान ठेवा. आषाढात जो मूठभर गोळा गिळतो तोच मासा आता अंगठ्याएवढ्या तुकड्याला तोंड लावतो. आणि होडीत कळण्याची भाकरी-ठेचा खाल्ल्यावर हात मातीने चोळून धुवा. शिंगाड्याच्या मिशा म्हणजे त्याची जीभच.

दोन काठ्या बैठ्या लावा: एक कडेच्या वरच्या ओठावर, दुसरी उताराच्या मध्यावर. अर्ध्या तासात कुठे टोचलं त्यावरून दुसरी काठी सरकवा. तासभर काहीच नाही, तर पन्नास हात पुढच्या कोपऱ्यावर जा. त्याहून लवकर उठू नका. गार पाण्यात वास सावकाश पसरतो आणि मासाही सावकाश येतो.

शिंगाडा टोचतो तो टकटक, कोंबडीने दाणे टिपावेत तसा. तिसऱ्या-चौथ्या टकटकीनंतर काठी वाकते. शिवडा उलट. दोरा एकाएकी ढिला पडतो, कारण तो आमिष घेऊन तुमच्याच दिशेने निघालेला असतो. ढिला दोरा म्हणजे आमिष सुटलं असं समजून बसून राहू नका, लगेच गुंडाळा.

उभा गळ

वारा नसताना, विशेषतः साडेनऊ ते एक या वेळात, होडी कडेच्या रेषेने हळूहळू वाहू द्या आणि नकली मासोळी सरळ खाली सोडा. १० ते १४ ग्रॅमच्या जिग-हेडवर (शिशाचं डोकं असलेल्या गळावर) तीन-चार इंची रबरी मासोळी, किंवा २० ग्रॅमच्या आसपासचा चंदेरी चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष. गढूळ पाण्यात पांढरा किंवा पिवळा रंग, निवळ पाण्यात चंदेरी-करडा.

तळाला टेकू द्या. वीतभर उचला. पाच आकडे मोजा. पुन्हा टेकू द्या. एवढंच. चूक होते ती काठी उंच उंच उडवण्यात. आमिष नाचताना दिसायला छान वाटतं, पण या दिवसांतला मासा त्याच्यामागे धावत नाही. दहातल्या नऊ टोचण्या आमिष खाली पडताना किंवा स्थिर असताना येतात, म्हणून खाली सोडतानाही दोरा बोटावरून सुटू द्या, मोकळा टाकू नका. होडी जास्त वेगाने वाहत असेल तर जुन्या बादलीला बुडाशी चार भोकं पाडून ती मागे दोराने सोडा. वेग निम्मा होतो.

थंडीची लाट आणि अवकाळी

उत्तरेकडून लाट आली आणि एका रात्रीत पारा पाच-सहा अंशांनी उतरला की पुढचे दोन दिवस जाऊ नका. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून थंडी तेवढीच राहिली तरी मासा पुन्हा खायला लागतो. त्याला गारठ्यापेक्षा बदल जाचतो. उलट आभाळ येऊन रात्र उबदार गेली तर त्या सकाळी इतर कामं सोडून धरण गाठा. पाऊस गडगडू लागला मात्र काठी खाली ठेवा आणि किनारा गाठा. कार्बनची लांब काठी विजेला आमंत्रण असते.

भल्या पहाटे निघायचा हट्टही नको. या हंगामात सात-आठला धुकं असतं, पाणी सगळ्यांत गार असतं. ऊन दोन कासरे वर आलं की काम सुरू होतं.

मरळ: दुपारचा पाहुणा

दुपारी बारा ते चार, ऊन लागलेल्या उथळ खाडीत. उत्तरेकडे काठ आणि दक्षिणेला मोकळं पाणी असेल अशी जागा निवडा, तिथे दिवसभर ऊन पडतं आणि उत्तरेचा गार वारा अडतो. पानकणीस, बेशरमाची बुडालेली झुडपं, शेवाळाची कड. पाणी कमरेएवढं.

मोटार बंद, वल्हंही नको, बांबूने ढकलत जा. मरळ हवा घ्यायला वर येतो तेव्हा पाण्यावर हलकासा फुगा आणि वर्तुळ उठतं. वर्तुळावर आमिष टाकू नका, चार हात पलीकडे टाकून त्या जागेवरून ओढत आणा. रबरी बेडूक उत्तम, कारण त्याचे गळ पाठीशी दडलेले असतात आणि शेवाळात अडकत नाहीत. जिवंत बेडूक लावू नका. हिवाळ्यात बेडूक दोन वळसे रिळाचे ओढून तीन-चार सेकंद थांबवायचा. मरळाने झडप घातली तरी एक-दोन आकडे मोजा, दोरा ताठ झाल्यावरच काठी मारा. झडपेच्या आवाजावर दचकून मारलेला झटका बेडूक त्याच्या तोंडातून हिसकून आणतो.

लागल्यानंतर

रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला दोरा सुटायचा ते ठरवणारा ब्रेक, घरीच वजनकाट्याला दोरा बांधून बसवा: ३० पौंडी दोऱ्याला तीन ते साडेतीन किलोवर सुटला पाहिजे. पाण्यावर मासा पळताना तो आवळायचा मोह आवरा. मासा मोठा वाटला तर दुसऱ्याने लगेच मागचा नांगर उचलायचा, कारण शिवडा पहिला फेरा दोराभोवतीच घेतो. मासा उचलायची हातजाळी माशामागे धावडवू नका. ती पाण्यात आधी स्थिर धरा आणि मासा डोक्याकडून तिच्यात ओढा.

शिंगाड्याच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांमागे करवतीसारखे काटे असतात. ओलं गोणपाट टाकून वरून दाबा, गळ पक्कडीने काढा. काटा शिरलाच तर जखम धुवा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, ठणका उतरतो. थर्मासमध्ये गरम पाणी नेण्याचं हे खरं कारण. चहा त्यातच होतो. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर दवाखाना आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. शिवड्याच्या तोंडात अंगठा घालून फोटो काढायचा नाही.

किलोच्या आतला शिवडा आणि मरळ सोडून द्या. ओल्या हातांनी धरा, तोंड पुढे करून पाण्यात धरून ठेवा, तो स्वतः निघेपर्यंत. जो ठेवायचा त्याचे कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि माशाइतक्याच वजनाच्या बर्फात घाला. थंडी आहे म्हणून पोत्यात ठेवून चालतं हा गैरसमज आहे. दुपारी इथे अजूनही तीस अंश असतात आणि शिवड्याचं मांस दोन तासांत मऊ पडतं.

नोव्हेंबरअखेर खान्देशात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि शिवडा नेमका तेव्हाच खायला लागतो. तरी सव्वापाचला नांगर उचला. अंधारात जाळ्यांच्या बाटल्या दिसत नाहीत, आणि सकाळी ज्या बांधावरून सहज गेलात तो संध्याकाळपर्यंत पाट चालू असल्याने बोटभर वर आलेला असतो.